कणकेचा गोळा

(दृश्य: पहाट. बाणगंगेच्या पायऱ्या. पाण्यावर बदकं.)

वाळकेश्वरचा उतार उतरून गल्लीत शिरलं की गाड्यांचा आवाज मागे राहतो. समोर बाणगंगा. समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी तळ्याचं पाणी गोडं. सीतेच्या शोधात निघालेल्या रामाला इथे तहान लागली, बाण मारला आणि पाताळातून गंगा वर आली, असं जुनी माणसं सांगतात. तळ्याच्या मधोमध खांब दिसतो ना, ती त्या बाणाची खूण. तळं बांधल्याचं साल ११२७ सांगतात, शिलाहारांच्या काळातलं. पितृपक्षात या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते.

सहा वर्षांपूर्वी आम्ही इथे अण्णांच्या दहाव्याला आलो होतो.

अण्णा गिरणी कामगार. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यांची गिरणी पुन्हा धड चाललीच नाही. पुढे कुठे वॉचमन, कुठे गोडाऊनवर. पण लालबागच्या आमच्या चाळीत त्यांची ओळख एकच होती: भजनी मंडळाचे पखवाजवाले.

(दृश्य: पत्रावळीवर भाताचे पिंड. कठड्यावर कावळे.)

पिंड ठेवले आणि आम्ही मागे सरलो. कावळे होते, पण एकही खाली येईना. दहा मिनिटं गेली, वीस गेली. मग नेहमी होतं तेच सुरू झालं. काका पुढे झाले, हात जोडून म्हणाले, "अण्णा, वहिनीची काळजी करू नका." आत्या म्हणाली, "गावच्या घराचं छप्पर आम्ही शाकारून घेतो." कावळा हलेना. शेवटी दादा पुढे झाला. जन्मात कधी भजनाला न बसलेला माझा मोठा भाऊ. पाण्याकडे बघत हळूच म्हणाला, "अण्णा, पखवाज बंद पडू देणार नाही."

कावळा तरीही शिवला नाही.

गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला, विधी पुरा केला. रुखरुख लागली, खोटं कशाला बोलू? पण आज मागे बघताना वाटतं, त्या कठड्याजवळ आमच्या घरातली माणसं आयुष्यात पहिल्यांदा मनातलं मोठ्याने बोलली होती. एरवी बापाला असं कोण सांगतं?

(दृश्य: चाळीतली खोली. भिंतीला टेकवलेला पखवाज.)

बाराव्या रात्री मंडळाने आमच्याच खोलीत भजन ठेवलं. शेजारच्या मंडळातून पखवाजवाला बोलावला होता. पखवाजाच्या डाव्या पुडीला ओली कणीक लावावी लागते, तेव्हा कुठे तो घुमतो. भजन संपलं की ती खरवडून काढायची, पुढच्या वेळी पुन्हा ताजी. बुवांनी दारातूनच हाक दिली, "वहिनी, कणीक."

आई इतके दिवस कोरडी होती. डोळ्यांतून टिपूस नाही. ती उठली, परात घेतली, मूठभर पिठात पाणी घातलं आणि मळता मळता हंबरडा फोडला. कुणी तिला गप्प केलं नाही. बाहेर 'रामकृष्णहरी' सुरू झालं होतं. टाळ वाजत राहिले. रडून झाल्यावर तिने गोळा नीट गोल केला आणि बाहेर आणून दिला.

अण्णा का गेले, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. आम्ही विचारलंही नाही. श्रद्धेने आम्हाला दिलं ते हाताला काम आणि बसायला माणसांत जागा. माझ्या मते हे फार मोठं देणं आहे.

तुकोबांचंही तसंच झालं होतं. दुष्काळात पैसा गेला, मान गेला, बायको अन्न अन्न करत गेली. त्यांनी हे स्वतःच एका अभंगात सांगितलंय. आणि पुढे काय केलं, तेही सांगितलंय: देवाचं देऊळ मोडकळीला आलं होतं, ते दुरुस्त करावं असं मनात आलं. इतकं गमावलेल्या माणसाने आधी भिंत सावरायला घेतली.

माहीमच्या चर्चमध्ये बुधवारी नोव्हेनाला जा, हातात मेणबत्ती धरून रांगेत उभे असलेले चेहरे बघा. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जा. समुद्राच्या वाऱ्यात तासन्‌तास उभी असलेली माणसं बघा. प्रत्येकाची वाट निराळी, पण एकट्याने दुःख गिळत बसलेलं तिथे कुणी नसतं.

(दृश्य: एकादशीची संध्याकाळ. पखवाजावर दादाचे हात.)

दादा शिकला. चाळिशीत, बोटं सुजवून घेऊन. अजून घाईत लय पळते. मग स्वयंपाकघरातून आईचा आवाज येतो, "बाळ्या, जरा दमानं." तिचं कान देऊन ऐकणं चालू असतं.

एकादशीला आमच्याकडे चूल थंड, सगळ्यांना उपास. तरी संध्याकाळी परात खाली उतरते. मूठभर पीठ, थोडं पाणी. आई एकच गोळा मळते आणि ओल्या फडक्याखाली झाकून ठेवते.