सासवण्याचे नानासाहेब करमरकर

नमस्कार मंडळी!

पुण्यात शिवाजीनगरला, श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. तुमच्यातल्या पुणेकरांनी तो पाहिला असेलच. पण घडवला कुणी, असं विचारलं की अस्सल पुणेकरसुद्धा गप्प होतो, आणि हे तसं दुर्मीळच!

तो घडवला नानासाहेब, म्हणजे विनायक पांडुरंग करमरकरांनी. जन्म 1891 चा, अलिबागजवळच्या सासवणे गावातला. घरात गणपतीच्या मूर्ती घडायच्या, त्यामुळे मातीत हात लहानपणापासूनच. गावच्या राममंदिराच्या भिंतीवर या मुलानं शिवाजी महाराजांचं चित्र काढलं. ते कुलाबा जिल्ह्याचे, म्हणजे आजच्या रायगडचे, कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांच्या नजरेला पडलं आणि त्यांनी मुलाला मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये धाडलं. पुढे रवींद्रनाथांचे पुतणे सुरेंद्रनाथ टागोर यांच्या सांगण्यावरून ते कोलकात्याला गेले, तिथे स्टुडिओ थाटला. मग लंडनला रॉयल अकॅडमीत शिकून परत.

पुण्यातल्या या पुतळ्याची, म्हणजे शिवस्मारकाची, कल्पना कोल्हापूरच्या शाहू महाराजांची. पायाभरणी 1921 साली प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते झाली. शिवस्मारकाला इंग्रज युवराज, हे आज ऐकायला गंमतीचं वाटतं. मला त्यात शाहूंचा धोरणीपणा दिसतो. पुतळा उभा राहिलेला मात्र त्यांना पाहता आला नाही. 1922 मध्ये ते गेले, अनावरण झालं 1928 साली.

आता कामाकडे बघा. उंची साडेतेरा फूट, वजन सुमारे आठ टन. एवढे मोठे पुतळे सहसा तुकड्यांत ओतून मग जोडतात. हा एकसंध ओतला. ब्राँझचा पुतळा आतून पोकळ असतो. आत गाभा, बाहेर साचा आणि मधल्या फटीत तापलेला रस. तो रस घोड्याच्या कानाच्या टोकापर्यंत पोचायला हवा. वाटेत थिजला, हवा अडकली, गाभा जरासा सरकला, की मेहनत वाया. शिवाय स्वार आणि घोडा मिळून सगळा भार पेलायचा तो घोड्याच्या पायांनी. हे सगळं शंभर वर्षांपूर्वी, आपल्याकडे, आपल्या माणसानं जमवलं.

पण खरं सांगू? मला करमरकर जास्त भेटतात ते सासवण्यात. त्यांच्या राहत्या घराचं आता संग्रहालय झालंय, दीडशेच्या आसपास शिल्पं आहेत. कोळीण आहे, शंख फुंकणारा आहे, आणि अंगणात एक म्हैस. सिमेंटची! सिमेंट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पाण्याची टाकी येते. या माणसानं त्यातून म्हशीची सैल कातडी, बरगड्यांची चाहूल, तोंडावरचा तो आळस काढलाय. पुतळ्यात महाराजांचा दरारा आहेच, पण शिल्पकाराची नजर किती बारीक होती ते ही म्हैस सांगते, असं माझं मत. कुणाला पटणार नाही, चहाच्या वेळी भांडूया.

1967 मध्ये नानासाहेब गेले. पुढच्या वेळी मुंबईला उतराल तेव्हा गेटवेहून मांडव्याची बोट धरा. मांडव्याहून अलिबागच्या रस्त्यानं निघालात की थोड्याच अंतरावर सासवणे लागतं. मुलांनाही न्या, म्हशीशी त्यांची लगेच गट्टी जमेल.