मुकुट एका सेंटीमीटरचा

मंडळी, डायनोसॉर हा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. टी. रेक्स, म्हणजे टायरॅनोसॉरस रेक्स, मोठा की जिगानोटोसॉरस? मग मागून कुणीतरी म्हणतं, आणि स्पायनोसॉरस राहिला की! तिघेही अजस्र मांसाहारी डायनोसॉर. विचारणारा आठ वर्षांचा असतो, कधी साठीचाही असतो. मला हा प्रश्न पोरकट वाटत नाही. पण त्याचं उत्तर देताना आपण प्राण्यांची तुलना करतोय असं आपल्याला वाटत असतं, प्रत्यक्षात तुलना चाललेली असते सापडलेल्या हाडांची. आणि कुणाची किती हाडं सापडावीत, या बाबतीत निसर्गाने सरळसरळ दुजाभाव केलेला आहे.

ज्याचं सगळ्यांत चांगलं झालं, त्याच्यापासून सुरुवात करू. 1990 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या साउथ डकोटात एक टी. रेक्स मिळाला. तो 'सू' या नावाने ओळखला जातो आणि शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये आहे. जवळपास 90 टक्के सांगाडा हाती आलेला, लांबी 12 मीटरच्या थोडी वर. एवढं सगळं असताना वजनावर तरी एकमत असायला हवं, नाही का? 2011 मध्ये संगणकावर या सांगाड्यावर मांस चढवून पाहिलं, तेव्हा कमीत कमी साडेनऊ टन भरले आणि अंगाने भरलेलं मॉडेल 18 टनांच्या पुढे गेलं. 2019 मध्ये दुसऱ्या पद्धतीने हिशेब केला, तर त्याच सूचं वजन निघालं साधारण 8.46 टन. सांगाडा तोच, हाडं तीच.

हे असं का होतं, ते सूच्या पोटाकडे पाहिलं की कळतं. या प्राण्यांना छातीच्या बरगड्यांखेरीज पोटाखालीही बारीक फासळ्यांची एक जाळी असायची. 2000 साली सूचा सांगाडा उभा केला तेव्हा या फासळ्या नक्की कशा बसतात याची खात्री नव्हती, म्हणून त्या लावल्याच नाहीत. 2018 मध्ये लावल्या, आणि इतकी वर्षं सडपातळ दिसणारा सू एकदम पोट सुटल्यासारखा दिसायला लागला. एकही नवं हाड खणून काढलेलं नव्हतं. बारीक फासळ्यांचा एक संच जागेवर बसवला आणि धडाचा घेर बदलला. धडाचा घेर बदलला की टनांचा हिशेब बदलतो, कारण वजनाचा मोठा वाटा तिथेच असतो.

ही मांस चढवण्याची पद्धत झाली. दुसरी पद्धत मांडीच्या हाडाची. दोन पायांवर चालणाऱ्या प्राण्याचा सगळा भार त्या दोन हाडांवर येतो, तेव्हा हाडाचा परीघ मोजायचा आणि आजच्या जिवंत प्राण्यांवरून बसवलेल्या सूत्रात घालायचा. याच पद्धतीने 2019 मध्ये कॅनडाच्या सस्कॅचवानमधल्या 'स्कॉटी' नावाच्या टी. रेक्सला सर्वांत वजनदार ठरवलं गेलं, 8.87 टन. बातम्या झळकल्या, सूचा मुकुट गेला. आता मूळ आकडे बघा. स्कॉटीच्या मांडीच्या हाडाचा परीघ 59 सेंटीमीटर, सूचा 58. एका सेंटीमीटरचा फरक! सूत्रातून गेल्यावर त्याचे चारशे किलो होतात. आणि या सूत्रात चूक होऊ शकते ती दोन्ही बाजूंना साधारण 25 टक्के, म्हणजे या आकाराच्या प्राण्याला दोन टनांहून जास्त. चारशे किलो त्याच्या पासंगालाही पुरत नाहीत. स्कॉटी मोठा नव्हता असं मी म्हणत नाही. तो प्रचंडच होता. पण दोघांत पहिला-दुसरा लावायची ती जागा नव्हे, एवढंच.

आता पॅटागोनियाला जाऊ. अर्जेंटिनाच्या नेउकेन प्रांतात 1993 मध्ये रुबेन कारोलिनी यांना एक सांगाडा दिसला. 1995 मध्ये कोरिया आणि सालगादो या शास्त्रज्ञांनी त्याला जिगानोटोसॉरस हे नाव दिलं. साधारण 70 टक्के सांगाडा मिळालेला, लांबी टी. रेक्सच्याच घरातली, मांडीचं हाड तर सूच्या हाडापेक्षा लांब. पण लांब हाड म्हणजे जड प्राणी नव्हे. टी. रेक्सची छाती पिंपासारखी रुंद, या प्राण्याचं धड अरुंद. तशी या दोघांची गाठ पडायची वेळच आली नाही, मध्ये जवळजवळ तीन कोटी वर्षं आणि अख्खा एक खंड आहे.

खरी गंमत जिगानोटोसॉरसच्या दुसऱ्या नमुन्यात आहे. तो नमुना म्हणजे खालच्या जबड्याच्या दात धरणाऱ्या हाडाचा तुकडा. बस्स, तेवढंच. 1998 मध्ये काल्वो आणि कोरिया यांनी तो पहिल्या सांगाड्याच्या त्याच हाडाशी ताडून पाहिला आणि 8 टक्क्यांनी मोठा भरला असं मांडलं. पुढे काय झालं असेल? पहिल्या सांगाड्याच्या 12.2 मीटर लांबीला 8 टक्क्यांनी वाढवलं, 13.2 मीटर झाले. मग वजन. लांबी, रुंदी, उंची तिन्ही 8 टक्क्यांनी वाढली तर वजन 26 टक्क्यांनी वाढतं. म्हणजे पहिला प्राणी समजा 7 टनांचा धरला, तर दुसरा 8.8 टनांचा. जबड्याच्या एका तुकड्यातून जवळजवळ दोन टन उभे राहिले, आणि जगातला सर्वांत मोठा मांसाहारी डायनोसॉर म्हणून तो प्राणी तक्त्यांत जाऊन बसला.

इथे गणित चुकलेलं नाही. 1.08 चा घन काढा, तेवढाच येतो. चुकतं ते गृहीतक. जबडा 8 टक्के मोठा म्हणून शेपटी, कंबर, छाती सगळं बरोबर 8 टक्के मोठं, हे कुणी सांगितलं? एकाच जातीतल्या दोन प्रौढ प्राण्यांत एकाचा जबडा दांडगा आणि अंग बेताचं असू शकतं. वयाबरोबर डोक्याचं आणि धडाचं प्रमाणही बदलतं. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण पातेलं केवढं होतं ते शीत सांगत नाही.

तुकड्यावरून काय काय होऊ शकतं, त्याचं टोकाचं उदाहरण मंगोलियातलं. 1965 मध्ये गोबीच्या वाळवंटात नखांसकट दोन हात मिळाले, 2.4 मीटर लांब. अशा हातांचा मालक केवढा भयंकर शिकारी असेल, या कल्पनेवर पुढची कित्येक वर्षं गेली. 2014 मध्ये याच प्राण्याचा, म्हणजे डायनोकायरसचा, उरलेला सांगाडा प्रसिद्ध झाला, तर निघाला शहामृगासारख्या डायनोसॉरांचा नातेवाईक. बदकासारखं तोंड, पाठीला मदार, खाणं वनस्पती आणि मासे. प्राणी 11 मीटरचा होता, तेव्हा मोठेपणाचा अंदाज साफ खोटा नव्हता. शिकारी मात्र तो नव्हता.

स्पायनोसॉरसची गोष्ट तर दुर्दैवाची. इजिप्तच्या बहारिया मरूद्यानातून आलेली हाडं घेऊन अर्न्स्ट श्ट्रोमर यांनी 1915 मध्ये त्याला नाव दिलं. पाठीच्या मणक्यांचे काटे 1.65 मीटर उंच! ही हाडं म्युनिकच्या संग्रहालयात होती. 24-25 एप्रिल 1944 च्या रात्री बॉम्बहल्ला झाला आणि सगळं जळून गेलं. राहिली श्ट्रोमर यांची वर्णनं, रेखाटनं आणि काही छायाचित्रं. 2005 मध्ये मिलानच्या संग्रहालयातल्या एका मुस्कटाच्या हाडावरून 16 ते 18 मीटर लांबी आणि 7 ते 9 टन वजन मांडलं गेलं. दोनच वर्षांनी इतर शिकारी डायनोसॉरांच्या कवटीचं अंगाशी असलेलं प्रमाण लावून दुसरा हिशेब झाला. लांबी आली 12.6 ते 14.3 मीटर आणि वजन 12 ते 21 टनांपर्यंत. पाहिलंत? प्राणी आखूड झाला आणि वजन मात्र दुप्पट. कारण उघड आहे. स्पायनोसॉरसचं मुस्कट सुसरीसारखं लांबडं. त्याला आखूड आणि दणकट डोक्याच्या प्राण्यांचं सूत्र लावलं की कवटीच्या लांबीला साजेसं धड सूत्रच जोडून देतं. पुढे मोरोक्कोत आणखी हाडं मिळाली, 2020 मध्ये वल्ह्यासारखी शेपटी जगासमोर आली, आणि 2022 च्या मॉडेलमध्ये हा प्राणी 14 मीटर लांब आणि 7.4 टनांचा भरला. मला आजच्या घडीला हाच आकडा पटतो, कारण त्यात कल्पनेचा भाग सगळ्यांत कमी आहे.

पुन्हा दुजाभावाकडे येतो, कारण त्याची दुसरी बाजू फारशी बोलली जात नाही. टी. रेक्सचे डझनांवारी नमुने आहेत आणि आपण त्यांतले सर्वांत मोठे दोन, सू आणि स्कॉटी, निवडून पुढे करतो. जिगानोटोसॉरसच्या बाजूने उभा आहे एक सांगाडा आणि एक जबड्याचा तुकडा. जो एकच सापडला तो आपल्या जातीतला धिप्पाड असण्याची शक्यता किती? बहुधा तो मध्यम चणीचाच असणार. म्हणजे एका बाजूचा निवडलेला पहिलवान आणि दुसऱ्या बाजूचा रस्त्यात भेटलेला पहिला गडी, अशी ही कुस्ती आहे.

आणि निवडलेला पहिलवान तरी खरा पहिलवान आहे का? 2021 च्या एका अभ्यासात असा अंदाज केला गेला की टी. रेक्स ही जात होती तेवढ्या काळात एकूण सुमारे अडीचशे कोटी टी. रेक्स होऊन गेले. त्यांतले आपल्या हाती लागले मूठभर. जॉर्डन मॅलन आणि डेव्हिड होन यांनी 2024 मध्ये संगणकावर अशी लोकसंख्या उभी करून पाहिली. त्यांच्या मते सर्वांत मोठा टी. रेक्स आपल्याला माहीत असलेल्यांपेक्षा 70 टक्के जड, म्हणजे 15 टनांच्या आसपास असू शकतो. आत्ताच्या वेगाने खणत राहिलो तर तसा एखादा सापडायला हजार वर्षं लागतील, असंही त्यांनी म्हटलं आहे. हा अंदाज आहे, तसलं हाड कुणी पाहिलेलं नाही. पण हाच हिशेब जिगानोटोसॉरसला लावायला कुणाची हरकत असू नये.

एवढं ऐकूनही कुणीतरी विचारणारच, ते जाऊ द्या, तुमचं मत काय? तर लांबीत स्पायनोसॉरस, आणि वजनात आत्ता तरी टी. रेक्स. तो वजनाचा भाग मी जबड्यावरून म्हणत नाही, पिंपासारख्या छातीवरून म्हणतो. पॅटागोनियात जिगानोटोसॉरसचं मांडीचं आणखी एक अखंड हाड निघालं आणि त्याचा परीघ 60 सेंटीमीटरच्या बराच पुढे गेला, तर मी लगेच मत बदलेन. जबड्याचा आणखी एक तुकडा निघाला, तर नाही.