बाळाचा फोटो घरच्या घरी: आधी ट्यूबलाइट बंद करा!

नमस्कार मंडळी! सगळ्यात आधी उठा आणि तो ट्यूबलाइट बंद करा. सकाळी अकरा वाजता, खिडकी सताड उघडी असताना उगाच चालू असतो ना, तोच. बाळाचा फोटो काढायचा म्हटलं की आपण घरातले असतील नसतील तेवढे दिवे लावतो, आणि मग फोटोत एक गाल पिवळट, दुसरा निळसर, आणि नाकाच्या सावल्या दोन-दोन. खिडकीतून येणाऱ्या उजेडाचा रंग वेगळा, बल्बचा वेगळा, फोन बिचारा दोन्ही एकदम कुठे सांभाळणार. त्यात आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे असा दिवा सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होत असतो, आपल्या डोळ्याला कळत नाही पण शटर फास्ट झालं, म्हणजे फोनने फोटो अगदी कमी वेळात टिपला, की त्यात पट्टे दिसायला लागतात.

तर आजचा व्हिडिओ घरी, साध्या फोनवर, काही विकत न आणता बाळाचे चांगले फोटो कसे काढायचे यावर आहे. आणि एक आधीच सांगून ठेवते, यातली सगळी कामं मोठ्यांची आहेत. बाळाला काही करायचं नाहीये, त्याने फक्त तिथे असायचंय.

[खिडकीजवळ जाऊन]

हे बघा, ही खिडकी. बाळ इथून दोन-तीन फुटांवर, बस. खोलीच्या पार मधे पलंगावर ठेवलंत तर आपल्याला वाटतं इथेही उजेड आहेच की, पण आपले डोळे फार जुळवून घेतात, फोनला तिथे निम्म्याहून कमी उजेड मिळतो आणि फोटो खरखरीत येतो. थेट ऊन मात्र नको, बाळ डोळे मिटून घेतं आणि सावल्या कडक पडतात. उत्तरेकडे खिडकी असेल तर प्रश्नच नाही, आपल्याकडे मे-जून-जुलैमधलं सकाळ-संध्याकाळचं तिरकं ऊन सोडलं तर तिथे थेट ऊन फारसं येत नाही. बाकी दिशांच्या खिडकीला एक पांढरं पातळ कापड लावा, आजोबांचं जुनं धोतर असेल तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही, खरंच! रंगीत पडदा नको, हिरव्या पडद्यातून आलेला उजेड बाळाला पण हिरवंच करतो.

आता बाळ आडवं असेल तर डोकं खिडकीकडे, किंवा जरा तिरकं. पाय खिडकीकडे करून ठेवलंत तर उजेड हनुवटीखालून वर येतो, आणि लहानपणी लाइट गेल्यावर आपण टॉर्च हनुवटीखाली धरून भावंडांना घाबरवायचो ना, तसा चेहरा दिसतो. बरोबर ठेवलंय की नाही हे कसं ओळखायचं? एक फोटो काढा आणि डोळ्यावर झूम करा. बुबुळात खिडकीचा छोटासा चौकोन दिसेल, कधी कधी गजसुद्धा मोजता येतात. तो चौकोन डोळ्याच्या वरच्या भागात हवा, घड्याळात दहा किंवा दोन वाजतात त्या जागी. खाली दिसतोय म्हणजे बाळाचं दुपटं हलक्या हाताने फिरवा. चौकोन दिसतच नसेल तर डोळ्यात उजेडच नाहीये, मग फोटो कितीही एडिट करा, निर्जीवच वाटतो. दुसरी बाजू फार काळी पडत असेल तर त्या बाजूला पांढरी चादर किंवा थर्माकोलचा तुकडा उभा धरा, उजेड परत फिरून गालावर येतो.

फ्लॅश बंद. फ्लॅशने डोळे जातात वगैरे नाही, पण बाळ दचकतं आणि चेहरा सपाट दिसतो, मग कशाला.

बरं, आता आपली सगळ्यांची आवडती सवय. बाळ गोड दिसतंय म्हणून फोन नेऊन त्याच्या नाकाला टेकवायचा. फोनची मुख्य लेन्स वाइड असते, आणि इतक्या जवळून जे पुढे असतं ते मोठं दिसतं, म्हणजे नाक आणि कपाळ मोठं, कान मागे गायब. मग घरी चर्चा, की नाक कोणावर गेलंय! कोणावर नाही गेलं हो, तुम्ही जवळ गेलायत. चार-पाच फूट मागे या आणि झूम दोन एक्स करा, फोनला टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ दाखवणारी वेगळी लेन्स, असेल तर अजून छान.

आणि खाली बसा. नाही, वाकू नका, खाली बसा, पालथं पडलेल्या बाळासाठी तर सरळ जमिनीवर पोटावर झोपा. आपण उभे राहून वरून काढतो तेव्हा बाळ म्हणजे फक्त टाळू आणि पोट. लेन्स त्याच्या डोळ्यांच्या उंचीला आली की तो फोटो एकदम वेगळा दिसतो, त्यात तो माणूस दिसायला लागतो. साधारण तीन-चार महिन्यांचं बाळ पालथं ठेवल्यावर मान छान वर धरतं, तेव्हा हे करून बघाच, पण दोन-तीन मिनिटंच, दमतं ते.

मागे काय दिसतंय बघा. दोरीवरचे लंगोट, गॅस सिलेंडर, चार्जरची वायर. आवरत बसू नका, फक्त बाळाला भिंतीपासून लांब घ्या आणि तुम्ही बाजूला सरका, निम्मं सामान फ्रेमबाहेर जातं. मागचं धूसर करणारा पोर्ट्रेट मोड वापरता ना, त्यात बाळाची भुरभुरी जावळं कापली जातात, कानाची कड पण धूसर होते, म्हणून मी तरी साध्या मोडवर काढते. खाली आजीची मऊ गोधडी असेल तर उत्तम, फक्त लालभडक किंवा पोपटी नको, तो रंग गालावर उठतो. झबलं साधं, फिकट. तीट असू दे की, आजीशी त्यावरून भांडू नका, आपल्या बाळाचा फोटो आहे तो, त्यात तीट शोभते. काजळ डोळ्यात मात्र नको, डॉक्टर पण नकोच म्हणतात, त्यात शिसं असू शकतं.

वेळ म्हणाल तर, मालिश-आंघोळ झाल्या झाल्या नको, एकतर चेहरा तेलाने चकाकतो आणि दुसरं म्हणजे तेव्हा बाळाला झोप हवी असते. झोपून उठलंय, पोट भरलंय, लंगोट कोरडा आहे, तेवढा अर्धा तास आपला. महिनाभराच्या आतलं बाळ असेल तर झोपेतलेच फोटो काढा, ते हसून दाखवेल अशी अपेक्षा ठेवू नका, ओळखून हसणं साधारण सहा ते आठ आठवड्यांनी सुरू होतं.

आणि आता गर्दी. आत्या डावीकडून चुटक्या वाजवतेय, मामा उजवीकडून खुळखुळा, आजोबा मागून "इकडे बघ, इकडे बघ", आणि बाळ पंख्याकडे बघतंय! बरोबर आहे त्याचं. एकच माणूस ठेवा, शक्यतो आईच, आणि तिने फोनच्या अगदी मागे, डोकं फोनला लागेल इतकं जवळ यायचं. खुळखुळा सतत वाजवायचा नाही, सवय झाली की ते बघतच नाही. एकदा वाजवा, थांबा, बाळ शोधायला लागतं, ते शोधणारे डोळे हवेत आपल्याला, तेव्हा बर्स्टमधे, म्हणजे एकापाठोपाठ एक, दहा-बारा फोटो जाऊ द्या.

फोनमधे जास्त काही नाही. लेन्स पुसा, तेलाचा हात लागलेला असतोच. बाळाच्या डोळ्यावर टॅप करून बोट तसंच धरा, फोकस लॉक होतो. पांढऱ्या चादरीवर बाळ काळपट येत असेल तर तिथेच उजेड थोडा वर सरकवा. शटर स्वतः ठरवता येणारा प्रो मोड असेल तर हातपाय हलवणाऱ्या बाळाला शटर 1/250 सेकंद किंवा फास्ट, झोपलेल्याला 1/60 पण चालेल. आणि ब्यूटी मोड बंद करा प्लीज. बाळाला गोरं करायचंय कशाला? आहे त्या रंगात ते सुंदर आहे, आणि त्या फिल्टरमधे गालावरची लव, पापण्या सगळं पुसलं जातं. हां, पण नवजात बाळ दिवसाच्या उजेडातही पिवळं दिसत असेल तर फोटो एडिट करू नका, डॉक्टरांना दाखवा.

इंटरनेटवर हनुवटीखाली दोन्ही हात घेऊन बसल्यासारखं झोपलेलं नवजात बाळ बघता ना, ते फोटो दोन-तीन फोटो जोडून बनवलेले असतात, प्रत्येकात कोणीतरी डोकं नाहीतर हात धरलेला असतो, नंतर तो पुसतात. घरी करायला जाऊ नका. पलंगाच्या कडेला ठेवू नका, फोन बाळाच्या वर हातात सैल धरू नका, आणि उघडं ठेवणार असाल तर पंखा बंद.

शेवटचं, फोटो पाठवताना. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलात की तो लहान होतो, मग आजी मोठी प्रिंट काढायला जाते आणि फोटो फुटतो. 12 मेगापिक्सेलचा मूळ फोटो 8 बाय 10 इंचाला आरामात पुरतो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फक्त कॅमेऱ्याचं लोकेशन चालू असेल तर डॉक्युमेंटमधून घराचा पत्तासुद्धा सोबत जातो, म्हणून आजी-आजोबांना असा पाठवा, सोसायटीच्या ग्रुपवर नको.