शंभराला सहा रुपये

(दृश्य: ग्वाल्हेर, लष्कर. जुन्या वाड्याचा दगडी जिना. पहाट. पावलांचा आवाज, एक हलका, एक जड.)

हा आवाज मी शाळेत असल्यापासून ओळखते. काका उठले, चहा ठेवायला हवा, हे घरात सगळ्यांना या आवाजावरून कळतं.

त्यांचा डावा बूट उजव्याहून दीड इंच उंच आहे. तळाला टायरच्या रबराचे तीन थर आहेत, आणि टाचेच्या बाहेरच्या कडेला ते जास्त झिजतात, कारण काकांचा सगळा भार तिकडे जातो. नया बाजारातला मोची आठ-नऊ महिन्यांनी नवा थर चढवून देतो. माप आता त्याला पाठ झालंय.

काका सैन्यात होते. 2001 साली डोंगरातल्या रस्त्यावर, ड्युटीवर असताना, काकांची गाडी दरीत गेली. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. जुळलं, पण आखूड जुळलं. त्यानंतर सात वर्षं त्यांनी लो मेडिकल कॅटेगरीत, म्हणजे हलक्या कामावर, नोकरी केली. स्टोअर सांभाळलं, रजिस्टरं लिहिली. 2008 मध्ये हवालदार म्हणून मुदत भरून घरी आले. सुटताना मेडिकल बोर्डानं लिहून दिलं: अपंगत्व सेवेमुळे आलेलं, कायमचं, 30 टक्के.

(दृश्य: सुती नाड्यानं बांधलेली फाइल. काकांची बोटं गाठ सोडतात.)

हा हिशेब एकदा नीट मांडते, कारण सगळं दुखणं त्यातच आहे. अपंगत्व शंभर टक्के असेल, तर शेवटच्या पगाराच्या 30 टक्के इतकी रक्कम नेहमीच्या पेन्शनवर मिळते. युद्धात जखमी झालेल्याचा दर वेगळा आणि जास्त आहे. काकांचं अपंगत्व 30 टक्के, म्हणजे तीसातले तीस टक्के. पगाराच्या शंभर रुपयांमागे नऊ रुपये.

आता पाय किती टक्के गेला, हे कोण सांगणार? एक बोर्ड 30 म्हणतं, त्याच पायाला दुसरं 40 म्हणतं. हा फरक जवानाच्या अंगावर पडू नये म्हणून 1 जानेवारी 1996 पासून एक चांगला नियम आला. 50 च्या आतलं अपंगत्व 50 धरायचं, 50 ते 75 मधलं 75, त्यापुढचं 100. या नियमानं काकांना नवाऐवजी पंधरा रुपये मिळायला हवे होते.

मिळाले नाहीत. नियम फक्त अपंगत्वामुळे मुदतीआधी घरी पाठवलेल्यांना लागू होता. काकांनी तर मोडक्या पायानं मुदत पूर्ण केली होती! नोकरी सोडून आले असते तर पंधरा. नेटानं शेवटपर्यंत उभे राहिले म्हणून नऊ. काकू त्या वेळी एवढंच म्हणाल्या, "म्हणजे निभावून नेलंत, ती चूक झाली?"

शंभराला सहा रुपये. या सहा रुपयांसाठी देशभरातले माजी सैनिक वर्षानुवर्षं कोर्टात उभे होते. 10 डिसेंबर 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयानं राम अवतार खटल्यात निकाल दिला: मुदत भरून निवृत्त झालेल्यालाही हाच लाभ द्या. त्या दिवशी सरकारची अपिलं फेटाळली गेली. शेकडो अपिलं. आपल्याच जखमी जवानांविरुद्ध सरकारनं केलेली. निधीची अडचण मी समजू शकते, नियमाच्या शब्दाबद्दल शंका असेल तर तीही समजू शकते. पण खालच्या न्यायालयात जिंकलेल्या लंगड्या माणसाला पुन्हा दिल्लीपर्यंत ओढायचं, हे मला अजूनही पचलेलं नाही.

निकाल आला म्हणून काकांच्या खात्यात आपोआप पैसे आले नाहीत. आधी अर्ज केला. उत्तर नाही. मग स्मरणपत्र, मग दुसरं. एका कार्यालयानं लिहिलं, तुमचं नाव त्या खटल्यात नाही. मग काकांनी स्वतःचा दावा केला. सैनिकांचे असे दावे सशस्त्र दल न्यायाधिकरणात चालतात, आणि आमच्या मध्य प्रदेशासाठी त्याचं खंडपीठ जबलपूरला आहे. ग्वाल्हेरहून रात्रभर गाडीत बसायचं, पाय लांब करता येत नाही म्हणून दाराजवळची सीट मागायची, सकाळी स्टेशनवरच तोंड धुवून, इस्त्रीचा शर्ट घालून हजर व्हायचं. तारीख पडली की परत. मी दोनदा सोबत गेले. दोन्ही वेळा काकांनी फाइल मांडीवर धरली होती, डोक्याखाली घेतली नाही.

(दृश्य: महाराज बाडा, गर्दी.)

आमच्या या वस्तीचं नावच लष्कर. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी इथं पडली आणि तिचंच शहर झालं. शिंद्यांचं हे राज्य ज्यांनी उभं केलं, ते महादजीही पायानं अधू होते. 14 जानेवारी 1761, पानिपत. पायावर वार बसला, रणात पडले. राणेखान नावाच्या भिश्त्यानं त्यांना उचलून वाचवलं. महादजी जन्मभर लंगडत चालले, आणि राणेखानाला जन्मभर भाऊ म्हणाले. त्याला जहागीर दिली, सरदार केलं.

पुढे महादजींसाठी द बॉय या युरोपीय सेनानीनं कवायती कंपू, म्हणजे शिस्तीत शिकवलेल्या पलटणी, उभ्या केल्या. तिथली रीत अशी होती: जखमी शिपायाला जखमेच्या मानानं पंधरा दिवसांपासून तीन-चार महिन्यांपर्यंतचा पगार बक्षीस, उपचार चालू असताना पगार कापायचा नाही, आणि कायमचा निकामी झाला तर हयातभर अर्धा पगार, वर जमीन. सव्वादोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही. काकांना मी हे वाचून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "उपचारात पगार कापायचा नाही, हे पुन्हा वाच."

(दृश्य: काकांच्या खोलीतला जुना टीव्ही.)

15 सप्टेंबर 2013. रेवाडीत माजी सैनिकांची मोठी सभा झाली, पंतप्रधानपदाचे उमेदवार म्हणून नरेंद्र मोदी बोलले, आणि 'वन रँक वन पेन्शन', म्हणजे सारखा हुद्दा आणि सारखी नोकरी असेल तर निवृत्ती कधीही झालेली असो, पेन्शन सारखीच, ही निवडणुकीतली आण झाली. पाच महिन्यांनी, 17 फेब्रुवारी 2014 ला, मनमोहनसिंग सरकारच्या हंगामी अर्थसंकल्पात चिदंबरम यांनी त्यासाठी 500 कोटी जाहीर केले. दोन्हीकडून टाळ्या. काकांनी दोन्ही भाषणं पूर्ण ऐकली.

तरी ते लागू होईना, म्हणून जून 2015 पासून म्हातारे सैनिक जंतरमंतरवर बसले. स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी पोलिसांनी त्यांना तिथून उठवायचा प्रयत्न केला. पदकं लावलेल्या छात्या आणि ओढाताण आम्ही घरी बसून पाहिली. 5 सप्टेंबरला घोषणा झाली, नोव्हेंबरमध्ये आदेश निघाला. पैसे आले, हे खरं आहे आणि ते सांगायलाच हवं. पण मूळ व्याख्येत पुढची प्रत्येक वाढ जुन्या निवृत्तांना आपोआप मिळायची होती. आदेशात ती दर पाच वर्षांनी आली.

त्याच 2015 साली संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी तज्ज्ञांची समिती नेमली. सैनिकांविरुद्धचे खटले का वाढतात, ते कमी कसे करायचे, हे तिला विचारलं होतं. समितीनं काही महिन्यांत अहवाल दिला आणि अपंगांविरुद्धची अपिलं मागे घ्या असं सुचवलं. आमच्या घरात पर्रीकरांबद्दल त्या दिवसांत फार आशेनं बोललं जायचं. अपिलं पुढेही होत राहिली.

मग 2016. 29 सप्टेंबरला सर्जिकल स्ट्राइकची बातमी आली, गल्लीत फटाके वाजले. 30 सप्टेंबरला सरकारनं वेतन आयोगाची शिफारस मान्य केली: अपंगत्वाची रक्कम पगाराच्या टक्क्यात नाही, ठरावीक आकड्यात. शंभर टक्के अपंगत्वाला महिन्याला अधिकाऱ्याला 27,000, जेसीओंना (सुभेदारांसारख्या कनिष्ठ अधिकाऱ्यांना) 17,000, जवानाला 12,000. ओरड झाली, आणि पुढे टक्केवारी परत आली. 2019 च्या जूनमध्ये आयकर खात्याचं परिपत्रक आलं: मुदत भरून निवृत्त झालेल्याच्या अपंगत्व पेन्शनला करमाफी नाही. पुन्हा तीच रेघ, निभावून नेणाऱ्याच्या विरुद्ध. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं परिस्थिती जैसे थे ठेवायला सांगितलं. सप्टेंबर 2023 मध्ये नियमच नवे आले, आणि जो अपंगत्वासह नोकरीत राहतो त्याच्या रकमेला नावही दुसरं मिळालं.

काकांचा दावा लागला. पंधरा रुपये मिळाले, पण थकबाकी दाव्याआधीच्या फक्त तीन वर्षांची. त्याआधीची वर्षं गेली ती गेली. त्या पैशातून त्यांनी वाड्याच्या जिन्याला लोखंडी कठडा बसवला.

(दृश्य: कंपूचं मैदान. सकाळ. पळणारी मुलं.)

भरतीची तयारी करणारी मुलं इथं रोज पळतात. भिंड-मुरैन्याची बरीच, काही आमच्या गल्लीतली. आता ती अग्निवीर होतील, चार वर्षांसाठी, पेन्शनशिवाय. अपंगत्व आलं तर ते किती आहे त्यानुसार 15, 25 किंवा 44 लाख एकरकमी. काका कट्ट्यावर बसून त्यांचा वेळ मोजतात. पळणं झालं की मुलं भोवती जमतात, आणि काका दरवेळी एकच गोष्ट सांगतात. 2013 च्या धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय, की भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल तर नंतर आलेला आजार नोकरीतून आला असं धरायचं. उलटं असेल तर ते सरकारनं सिद्ध करायचं.

"भरतीच्या मेडिकलचा कागद," काका म्हणतात. "मागून घ्या. दोन प्रती काढा. एक आईकडे ठेवा."

एक मुलगा हसतो. त्याचे बूट नवे आहेत. काका त्याला परत म्हणायला लावतात: दोन प्रती, एक आईकडे.