माऊस त्याच्या हातात

नमस्कार, श्रोतेहो.

मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. माझ्या काउंटरवर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न सांगू? ‘मॅडम, चार्जिंगचा पॉइंट कुठंय?’ त्याच्या खालोखाल, ‘अभ्यासिकेत जागा आहे का?’ ग्रंथालय म्हणजे एमपीएससीला बसायची जागा, असं आपल्याकडे बऱ्याच मुलांनी धरूनच घेतलंय. पुस्तकाचा प्रश्न त्यानंतर. आणि ज्याच्या घरात आजवर कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, तो तर काहीच विचारत नाही. येतो, दोन मिनिटं नोटीस बोर्ड वाचल्यासारखं करतो आणि निघून जातो.

मला तो लगेच ओळखू येतो, कारण मीही तेच केलंय. एम.ए.च्या पहिल्या वर्षी खिडकीवर एक चिठ्ठी दिली, तिच्यावर ‘कॉल नंबर’, म्हणजे पुस्तकाची कपाटातली जागा सांगणारा क्रमांक, असा रकाना होता. मी होस्टेलचा फोन नंबर लिहिला. पलीकडचे गृहस्थ हसले. माणूस वाईट नव्हता हो, पण पुढं सहा महिने मी त्या खिडकीकडं फिरकले नाही.

म्हणून आम्ही एक साधी गोष्ट केली. ‘कमवा आणि शिका’ योजनेतली चार मुलं ग्रंथालयात कामाला असतात. पुस्तकं लावणं, शिक्के मारणं, धूळ झटकणं, ही त्यांची कामं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यात कॉलेज काढलं ते याच तत्त्वावर, त्यामुळं योजना आपल्याला नवी नाही. त्यातल्या दोघांना रोज दुपारी दोन तास दाराजवळच्या टेबलावर बसवलं. दोघंही घरातले पहिलेच कॉलेजात आलेले. काम एकच, येणाऱ्याला शोधायला मदत करायची. नियमही एकच, माऊस विचारणाऱ्याच्या हातात राहिला पाहिजे.

एका दुपारचं सांगते. माण तालुक्यातला एक मुलगा, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा. प्रकल्पाचा विषय ‘दुष्काळ’. त्यानं संगणकावर ‘दुष्काळ’ टाकलं, उत्तर आलं शून्य. तो उठायलाच लागला. टेबलावरची मुलगी म्हणाली, “बस रे. माझंही पहिल्यांदा शून्यच आलं होतं.” मी हे वाक्य म्हणाले असते तर तो बसला नसता.

शून्य येण्याचं कारण आमचंच. जुनी मराठी पुस्तकं यादीत रोमन लिपीत चढवलेली, तीही ज्यानं चढवली त्याच्या मर्जीच्या स्पेलिंगनं. तिनं त्याला तीन-चार स्पेलिंगं टाकायला लावली. मग विचारलं, “दुष्काळ म्हणजे कुठला?” तो म्हणाला, “आमच्याकडं कायमच असतो.” “घरात कुणी कुठल्या सालाचं बोलतं का?” तेव्हा त्याला आजी आठवली. बहात्तर साली खडी फोडलेली, सुकडी खाल्लेली. विषय तिथं सापडला: १९७२ चा दुष्काळ आणि त्यातली कामं. तिथून पुढं रोजगार हमी, तिचा १९७७ चा कायदा.

आता शब्दांची गंमत बघा. इंग्रजांच्या कागदांत ‘फॅमिन’ सापडतो. पण १९६३ साली महाराष्ट्रानं खास कायदा करून राज्याच्या कायद्यांतला ‘फॅमिन’ हा शब्दच काढला आणि त्या जागी ‘स्कॅर्सिटी’ घातला. दुष्काळ हटला नाही, शब्द हटला. म्हणजे सरकारी कागदांत ‘फॅमिन’ शोधत बसाल तर बहात्तर साल हाती लागायचं नाही. ‘टंचाई’ टाकायचं, ‘अवर्षण’ टाकायचं. हे त्या मुलीला मी आदल्या वर्षी सांगितलं होतं. तिनं माझ्यापेक्षा सोपं करून सांगितलं.

मग दोघं कपाटांकडं गेले. ड्यूई पद्धतीत, म्हणजे विषयाला आकडा देऊन पुस्तकं लावायच्या पद्धतीत, दुष्काळाचं एक कपाट नसतं. पाणी ३३३.९१ ला, आपत्ती ३६३.३४ ला, शेती ६३० ला, महाराष्ट्राचा इतिहास ९५४.७९२ ला. चार ठिकाणी हिंडावं लागतं, आणि एकटं हिंडताना आपणच चुकतोय असं वाटतं. शेवटी शोधगंगा या संकेतस्थळावर भारतातल्या विद्यापीठांचे पीएचडीचे प्रबंध फुकट वाचता येतात, हे दाखवलं. सगळं मिळून पाऊण तास. ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचं १९३१ चं सूत्र मी परीक्षेत पाठ करून लिहिलं होतं. चालताना बघितलं ते त्या दिवशी.

सगळं असंच गोड चालतं असं नाही. टेबलावर बसलेल्यांपैकी एका मुलानं मित्राचा अख्खा प्रकल्प स्वतःच लिहून दिला. दुसरा प्रत्येकाला ‘गूगल कर’ सांगायचा. दोघांनाही बोलावून समजावलं. अडलं की निमूट माझ्याकडं घेऊन यायचं, हेही शिकवावं लागतं, कारण ‘मला माहीत नाही’ म्हणायला ही मुलं भितात. आम्हीही भ्यायचोच.

माझी एक तक्रार मात्र आहे. या मुलांना तासाप्रमाणं पैसे मिळतात आणि कामाची नोंद छापील रजिस्टरात करावी लागते. रकाने ठरलेले: पुस्तके लावणे, साफसफाई, शिक्के, बांधणी. टेबलावरच्या दोन तासांना रकाना नाही. नवा रकाना मागून मी तीन अर्ज केले. तोवर ती दोघं ते दोन तास ‘इतर’मध्ये लिहितात.

नमस्कार.