आवाजासकट

नमस्कार श्रोतेहो. मी कोल्हापुरात समुपदेशनाचं काम करते. आज ज्या उपचाराबद्दल बोलणार आहे त्याचं नाव जरा लांबलचक आहे: स्वीकार आणि कटिबद्धता उपचार. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून आम्ही कामात त्याला नुसतं ‘अ‍ॅक्ट’ म्हणतो. पण नाव विसरलात तरी चालेल. आज एकच शब्द लक्षात ठेवा, तो म्हणजे ‘सकट’. बटाटे सालासकट उकडतो, मेथी मुळासकट उपटतो, तोच सकट. हा शब्द मला पुस्तकात सापडला नाही, माझ्या मामांनी दिला. म्हणून आधी मामांची गोष्ट.

मामा इचलकरंजीचे. अठराव्या वर्षी यंत्रमागावर उभे राहिले ते साठाव्या वर्षी उतरले. मागाचा कारखाना ज्यांनी आतून पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. पत्र्याखाली वीस-चोवीस माग एकदम चालू असले की शेजारच्या माणसाचं बोलणं ओठांवरून ओळखावं लागतं. शंभर डेसिबलच्या घरातला आवाज, बारा तासांची पाळी, आणि कानात फार तर कापसाचा बोळा. त्या गदारोळात मामा पाठमोरे उभे राहून सांगायचे, तिकडच्या कोपऱ्यातल्या मागावरची सुताची कांडी संपत आली. असा त्यांचा कान.

काम सुटलं आणि वर्षभरात त्याच कानात आवाज सुरू झाला. कुकर शिट्टीच्या आधी सुसू करतो ना, तसा. फरक एवढाच की शिट्टी कधी होत नाही आणि गॅस कधी बंद होत नाही. रात्रंदिवस तेच. कान तपासून झाले. मोठा आवाज वर्षानुवर्षं सोसून कानाच्या आतल्या नाजूक पेशी मेल्या होत्या, आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. बाहेरचं कमी ऐकू यायला लागलं की मेंदू आपल्याकडचा आवाज वाढवतो, असं सोप्या भाषेत म्हणता येईल. डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलं, ‘याला औषध नाही, सवय करा.’ माहिती बरोबर होती. पण सवय करायची म्हणजे काय करायचं, हे कोणीच सांगितलं नाही.

मग मामांनी त्या आवाजाशी भांडण मांडलं. कानात बोळे घातले, तर आतला आवाज उलट वाढला, कारण बाहेरचे आवाज बंद झाले की आतला एकटाच उरतो. मग रात्री ट्रान्झिस्टर दोन स्टेशनांच्या मधे लावून त्याची खरखर उशाशी घेऊन झोपायला लागले. त्यानं थोडा आराम पडायचा, पण दोन वाजता जाग आली की पुन्हा तेच. हळूहळू घराबाहेर पडणं कमी झालं. मामा गल्लीच्या भजनी मंडळाचे पखवाजवाले. मंडळी बोलवायला आली की म्हणायचे, ‘हा आवाज गेला की येतो.’ नातीला शाळेत सोडायचं? आवाज गेला की. बहिणीकडं कागलला जायचं? आवाज गेला की. पाच वर्षं, श्रोतेहो. पाच वर्षं मामांचं सगळं आयुष्य ‘आवाज गेला की’ या तीन शब्दांच्या खुंटीला टांगलेलं होतं.

आणि मी, भाची, शिकलेली, काय सांगत होते? ‘मामा, लक्ष देऊ नका.’ हा सल्ला चुकीचा होता, हे मला मनापासून सांगायचं आहे. 1987 साली अमेरिकेत डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञानं काही विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा. घंटी वाजतच राहिली. ‘लक्ष देऊ नका’ म्हटलं की लक्ष जात नाही ना, हे बघायला लक्ष तिथंच बसतं.

दिवाळीनंतर मी दोन दिवस मामांकडं राहिले होते. रात्री जाग आली तर सोप्यात रेडिओची खरखर. मामा भिंतीला टेकून बसलेले. मी शेजारी जाऊन बसले. त्यांना विचारून रेडिओ बंद केला आणि म्हटलं, ‘मामा, आज या आवाजाला घालवायचं नाही. तो कसा आहे ते फक्त मला सांगा. एखादा नवा माग कारखान्यात आला तर कसा ऐकाल, तसा ऐका.’ मामांनी डोळे मिटले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग सांगायला लागले, ‘बारीक हाय. वरच्या पट्टीत. डावीकडं जरा जास्त. मधीच जाड होतोय, परत बारीक.’ चांगली दहा मिनिटं गेली असतील. शेवटी म्हणाले, ‘पाच वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडं नीट बघितलं बघ, पोरी.’

मग मी विचारलं, ‘मामा, समजा उद्या सकाळी हा आवाज गेला. तर काय कराल?’

त्यांना विचार करावा लागला नाही. ‘उद्या एकादशी हाय. भजनाला जाईन.’

‘आणि नाही गेला तर?’

मामा गप्प. बाहेर कुठंतरी रातपाळीचे माग चालू होते, ते मला ऐकू येत होते. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, ‘म्हंजे... ह्याच्यासकट जायाचं म्हणतीस?’

मी तसं म्हटलं नव्हतं. तो शब्द त्यांचा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामी चपात्यांची कणीक मळत होत्या. मामा दारात उभे राहिले आणि म्हणाले, ‘लिंबाएवढी कणीक दे गं.’ मामींचे हात परातीतच थांबले. पखवाज ज्यांच्या घरात आहे त्यांना ठाऊक आहे, डाव्या अंगाला ओली कणीक लावल्याशिवाय तो खर्जात बोलत नाही. पाच वर्षं त्या घरात कोणी कणीक मागितली नव्हती. मामींनी एक शब्दही विचारला नाही. गोळा तोडला, पाण्याचा हात लावून मऊ केला आणि वाटीत घालून दिला. मामांनी तो अंगठ्यानं पुडीवर दाबत दाबत पसरला, थाप मारून बघितली, थोडी कणीक काढली, पुन्हा थाप. तिसऱ्या थापेला तो घुमला. मामींनी पदर डोळ्यांना लावला.

रात्री अकराला परत आले. मी विचारलं, ‘आवाज होता?’ म्हणाले, ‘होता की. सगळा वेळ होता. दोन अभंग काय त्याचं ध्यान न्हवतं बहुतेक.’

चमत्कार झाला असं कृपा करून समजू नका. त्यानंतरची रात्र वाईट गेली. टाळ कानाला टोचायचे म्हणून बसायची जागा बदलावी लागली. नीट झोप लागायला काही महिने गेले. आवाज आजही आहे.

एवढ्यासाठी थोडं विषयांतर करते. आज मिरवणुकीत भिंतीएवढे डीजे लावून त्यांच्यापुढं जी सात-आठ वर्षांची पोरं नाचवली जातात, त्यांचे कान मामांच्या कानांइतकेच नाजूक आहेत. मामांना त्या आवाजानं निदान पोट भरायला दिलं. पोरांना तसल्या गोंगाटात उभं करू नका, एवढी माझी विनंती आहे.

आता उपचाराबद्दल. हा उपचार घडवला अमेरिकेतल्या नेवाडा विद्यापीठाचे स्टीव्हन हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. हेज यांना स्वतःला भीतीचे जबरदस्त झटके यायचे. पहिला आला 1978 साली, आपल्याच विभागाच्या बैठकीत. झटका थांबवण्याची जितकी धडपड केली तितके ते वाढत गेले, आणि त्यातूनच त्यांची वाट फिरली. मुद्दा एवढाच की मनात जे उठतं त्याला जागा द्यायची, आणि आपल्याला जे मोलाचं वाटतं त्याकडं त्याच्यासकट पाऊल टाकायचं. पुन्हा सांगते, गेल्यावर नव्हे, त्याच्यासकट. कानातल्या आवाजासाठीही हा उपचार तपासला गेलाय. स्वीडनमधल्या संशोधकांच्या 2011 सालच्या अभ्यासात त्याचा लोकांना चांगला उपयोग झालेला दिसला.

यात एक भाग आहे विचारापासून थोडं मागं सरकण्याचा. तो आपल्याला सोपा जावा, कारण आपली मराठीच तसं बोलते. राग ‘येतो’, भीती ‘वाटते’, विचार ‘मनात येतो’. आलेला पाहुणा वेगळा आणि घर वेगळं. ‘माझं डोकं फिरणार’ असं वाटलं तर मोठ्यानं म्हणून बघा: ‘माझं डोकं फिरणार, असं माझ्या मनात आलं.’ फरक कानाला जाणवतो.

आणि रेडिओवर बोलताना मला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं याच उपचारावर आधारलेला एक कार्यक्रम बनवला आहे, तोही ध्वनिमुद्रित. पाच बैठकी, प्रत्येक दोन तासांची. तज्ज्ञ माणूस लागत नाही, थोडं प्रशिक्षण घेतलेली गावातलीच बाई ते मुद्रण लावते आणि वीस-तीस जणी ऐकतात. युगांडातल्या छावणीत, दक्षिण सुदानमधून जीव वाचवून आलेल्या 694 निर्वासित बायकांबरोबर तो तपासला गेला. ज्यांनी तो ऐकला त्यांच्या मनावरचा ताण तीन महिन्यांनंतरही इतरांपेक्षा कमी होता. मुख्यतः ऐकण्यातून हे झालं, याचं मला फार अप्रूप आहे.

एक गोष्ट मात्र ठामपणे. स्वीकार म्हणजे सोसणं नव्हे. आपल्याकडं ‘पदरी पडलं पवित्र झालं’ म्हणून मुलींना काय काय गिळायला लावलंय! नवरा हात उचलत असेल तर स्वीकारायची ती आपल्या छातीतली धडधड, त्याचा मार नाही. त्या धडधडीसकट घराबाहेर पडणं, मदत मागणं, हे या उपचारातलंच पाऊल आहे.

दुसरं, कोचबद्दल, म्हणजे जगण्यातल्या अडचणींवर मार्गदर्शन करणाऱ्या ‘लाइफ कोच’बद्दल. चांगले कोच आहेत, काम बदलताना किंवा घर आणि नोकरी सांभाळताना त्यांचा उपयोग होतो. पण आपल्याकडं कोच ही पाटी कोणीही लावू शकतो. क्लिनिकल मानसशास्त्रज्ञाची मात्र भारतीय पुनर्वास परिषदेकडं नोंदणी असते. ती आहे का हे विचारायला लाजू नका. झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर कोचकडं नव्हे, डॉक्टरांकडं जा, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीला 14416 वर फोन करा, मोफत आहे. आणि कानात आवाज आला तर आधी कान तपासा. एकाच कानात असेल किंवा अचानक ऐकू येईनासं झालं असेल तर त्याच दिवशी.

मामा हा कार्यक्रम ऐकणार आहेत, ट्रान्झिस्टर दोन स्टेशनांच्या मधे न लावता. मामा, या एकादशीला मी येते आहे. मामींना म्हणावं, कणीक थोडी जास्त मळा. नमस्कार.