मुळाशी ऊब

[दृश्य: उभा कापलेला नारळ, जवळून]
थंड प्रदेशात, कुंडीत नारळाचं रोप कसं जगवायचं ते बघूया. बाहेरून सोडण, म्हणजे नारळाची तंतूंची साल, जशीच्या तशी. आत मात्र हा पांढरा, भुसभुशीत गोळा फुगत गेलाय. कोंबाचाच हा भाग आधी पाणी शोषतो, मग खोबरं. वर्षभर तरी रोप याच शिदोरीवर जगतं. त्यामुळे थंड प्रदेशात पहिलं वर्ष फसवं असतं. पानं हिरवीगार, पण ती मातीच्या जोरावर नव्हेत.

[दृश्य: ट्रे, विजेची चटई, थर्मामीटर]
नारळ आडवा, अर्धा कोकोपीटमध्ये, म्हणजे काथ्याच्या भुशात. खाली विजेची गरम चटई. थर्मामीटर हवेत टांगलेला नाही, मातीत खुपसलाय. आकडा ३० अंशांच्या आसपास हवा. कोंब दिसायला तीन-चार महिने, कधी सहाही. इथे व्हिडिओत ते काही सेकंदांत उरकतंय.

[दृश्य: कुंडीतून काढलेलं रोप, मुळं]
नारळाला सोटमूळ नसतं. बुंध्याच्या तळातून ही सारख्या जाडीची मुळं सुटतात, आणि गार, ओल्या मातीत त्यांचं काम थंडावतं. खोली गरम, कुंडी गार फरशीवर. पानं पाणी मागतात, मुळं देत नाहीत. पानं मलूल दिसली की माणूस आणखी पाणी घालतो! बरीच रोपं थंडीने नाही, या मायेने जातात.

[दृश्य: शेंडा]
फांद्या नाहीत, म्हणून वाढीची जागा एकच, शेंड्याच्या गाभ्यात. मधलं न उघडलेलं पान हलकेच ओढून बघायचं. घट्ट असेल तर ठीक. हातात आलं आणि वास मारला, तर गाभा कुजलाय.

[दृश्य: समुद्रकिनारा, माडांची रांग]
उघड्यावरही जमतं. १८७८ मध्ये प्रॉव्हिडेन्सिया हे जहाज फ्लोरिडाच्या किनाऱ्याला लागलं. त्यात सुमारे २० हजार नारळ होते, ते तिथल्या वस्तीने लावले. जागा कर्कवृत्ताच्या बरीच उत्तरेला, तरी माड जगले. गल्फ स्ट्रीमचा उबदार प्रवाह तिथे किनाऱ्याजवळून वाहतो. त्या वस्तीचं नाव पुढे पाम बीच पडलं.

[टाइमलॅप्स: नवं पान]
आधीची पानं अखंड होती. या पानाला पहिल्यांदाच चिरा पडतायत, म्हणजे झावळी घडू लागली.

[दृश्य: खिडकीजवळची कुंडी]
कुंडीत फळाची आशा धरू नये, हिवाळ्यात वीजबिल वाढतं, शेंडा एक दिवस छताला टेकतो. उन्हाळ्यात कुंडी बाहेर काढा. आधी काही दिवस सावलीत, मग उन्हात. आणि फरशीवर ठेवताना खाली थर्माकोलची जाड पाटी सरकवा.